उन्मादाची बखर

इतिहासाच्या मास्तराला सनावळ्यांचे वेड असते, असे आमच्या शाळेतली मुले म्हणतात, आणि ते काही खोटे नाही. तीस वर्षे मी फळ्यावर साल लिहूनच धड्याला सुरुवात करीत आलो. परंतु माझ्या टेबलाच्या खणात एक वही आहे, तिच्यात ना पानिपत आहे, ना वसईचा तह. तिच्यात एका माणसाची झोप आहे. कोणत्या साली, कोणत्या महिन्यात तो किती तास झोपला, किती बोलला, किती रुपये उधळले, आणि कोणत्या महिन्यात अंथरुणातून उठलाच नाही, याची ती नोंदवही. तो माणूस माझा थोरला भाऊ. दादा आता पासष्टीला आला. हे लिहायला त्याची परवानगी आहे.

वेड हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला. नाटकाचे वेड, क्रिकेटचे वेड, सोन्याचे वेड. आमच्या सीमाभागात तर शेजारच्या कन्नड घरातला 'हुच्च' आणि आपला 'वेडा' एकाच कट्ट्यावर मांडीला मांडी लावून बसलेले असतात. पण ज्या घरात ती गोष्ट खरोखरच शिरते, त्या घरात तो शब्द कुणी उच्चारीत नाही. मग 'बाहेरची बाधा' होते, 'लागीर' होते, 'डोक्यात उष्णता' होते. आमच्या घरात यांपैकी काहीच झाले नाही. आमच्या घरात होता तो 'दादाचा हुरूप'.

निपाणीला आमचे घर. वडील तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहीत आणि बी.कॉम. झाल्यावर दादाही तिथेच खतावणी लिहायला लागला होता. १९८३ च्या जूनमध्ये कपिलदेवच्या संघाने विश्वचषक जिंकला, त्या रात्री सारे गाव जागे होते. दुसऱ्या रात्री गाव झोपले. दादा पुढे तीन आठवडे झोपला नाही. म्हणजे पहाटे दोन ते चार डोळे मिटायचा, आणि तरी सकाळी आमच्यापेक्षा ताजातवाना. महिन्याची खतावणी त्याने दोन दिवसांत उरकली. गल्लीतल्या पोरांचा संघ काढला, कोल्हापुरातून बॅटी आणि पॅड उधारीवर आणले, गावाला स्टेडियम हवे म्हणून अर्ज लिहिले. बोलणे इतके भरभर की एका वाक्याचे शेपूट हाती येईपर्यंत पुढची तीन वाक्ये निघून जात. एका भाषेत त्याचे भागेना. मराठीत सुरू झालेला विचार कन्नडात वळायचा आणि हिंदीत संपायचा. वडील कौतुकाने म्हणाले, "पोराला हुरूप आलाय."

त्याच वर्षीच्या थंडीत दादा घोंगडीखालून बाहेर येईना. दाढी वाढली, जेवण तुटले. त्याला आम्ही 'अशक्तपणा' म्हटले आणि च्यवनप्राशची बरणी आणली. जूनमधला हुरूप आणि पौषातला अशक्तपणा ही एकाच आजाराची दोन टोके असतील, असे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आले नाही. यात आम्हीच तेवढे मंद होतो असे मात्र नाही. वैद्यकशास्त्राला हे दोन तुकडे एकत्र जोडायला फार शतके लागली.

आपल्या चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत. भलत्या ठिकाणी हसणे, नाचणे, गाणे, अखंड बोलणे हा वातज उन्माद. एका जागी गप्प बसून राहणे, एकांत आवडणे, झोपाळूपणा हा कफज. पित्ताचा तिसरा, सर्व दोषांचा मिळून चौथा आणि देव-गंधर्वादिकांच्या संचाराने होणारा तो आगंतू. निरीक्षण किती बारीक आहे पाहा! दादाचा जून आणि दादाचा पौष एकाच अध्यायात बसले आहेत. पण ते दोन वेगळे प्रकार म्हणून. आज वातज असलेला रोगी सहा महिन्यांनी कफजासारखा दिसेल, हा धागा तिथे ठळक होत नाही. ग्रीकांकडे कॅपाडोशियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या भागाच्या, अरेटिअस या वैद्याने दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास लिहून ठेवले की खिन्नता आणि उन्माद एकाच माणसात आलटून पालटून दिसतात. ते पुढे बरीच शतके जवळजवळ पडूनच राहिले.

मग १८५४ साल. पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे दोन डॉक्टर थोड्या दिवसांच्या अंतराने उभे राहिले आणि दोघांनीही जवळपास एकच गोष्ट सांगितली. झां-पिएर फाल्रे यांनी तिला 'वर्तुळाकार वेड' म्हटले. ज्यूल बायार्जे यांनी 'दुहेरी रूपाचे वेड'. आधी कोणी सांगितले यावरून दोघांत जुंपली. विद्वानांचे तेवढे चालायचेच. पण फाल्रे यांचे एक वैशिष्ट्य मला मोलाचे वाटते. उन्माद, खिन्नता आणि त्यांच्या मधला बरा काळ, हे तिन्ही मिळून वर्तुळ पुरे होते, असे त्यांनी मांडले. बरा काळसुद्धा त्या आजाराच्या कथेचाच भाग! हे त्यांना दिसले याचे कारण साल्पेत्रिएरसारख्या अवाढव्य रुग्णालयात तीच माणसे वर्षानुवर्षे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. रोगी एकदाच पाहणाऱ्याला वर्तुळ दिसत नाही, त्याचा एक तुकडा दिसतो.

पुढे जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी प्रत्येक रोग्याचे एक कार्ड करायला सुरुवात केली. रोगी कधी आला, कसा आला, बरा होऊन कधी गेला, पुन्हा कधी आला, पुढे काय झाले. आज दिसणाऱ्या लक्षणावर निदान न करता आयुष्यभराच्या वाटचालीवर करायचे, ही त्यांची पद्धत. १८९९ साली त्यांच्या ग्रंथाची सहावी आवृत्ती निघाली, तिच्यात त्यांनी मनोविकारांची मोठी वाटणी केली. एका बाजूला, त्यांच्या मते उत्तरोत्तर ढासळत जाणारा आजार (आज ज्याला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो). दुसऱ्या बाजूला, येणारा, जाणारा आणि मधल्या काळात माणसाला पूर्ववत करून सोडणारा उन्माद-खिन्नतेचा आजार. 'बायपोलर', म्हणजे दोन ध्रुवांचा, हे नाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले आणि १९८० साली अमेरिकेच्या अधिकृत वर्गीकरणात आले.

मी इतिहासात एम.ए. झालो तो बखरी आणि दप्तरे चाळून. क्रेपेलिनची ती कार्डे म्हणजे दप्तरच. प्रत्येक कागद वेगळा वाचला तर काही कळत नाही, सालवार लावले की राज्य कसे चढले आणि कसे पडले ते दिसते. हे मला १९८५ साली ठाऊक असते तर!

१९८५ च्या पावसाळ्यात दादा तिसऱ्यांदा घोंगडीखाली गेला. या वेळी तो जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागला, तेव्हा वडील घाबरले. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात त्याला नेले. डॉक्टर तरुण होते, अतिशय सौम्य, पण मराठी अजिबात न येणारे. आईला कन्नड बाजारापुरते येई. मी पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, कन्नड शाळेत शिकलेलो. त्यामुळे दुभाषी मीच.

डॉक्टरांनी पुष्कळ विचारले आणि मी नीट सांगत गेलो. मग त्यांनी विचारले, "जास्ती खुशी, जास्ती मातु, निद्दी कडिमी... हंग एनरे आगित्तेन?" फार आनंद, फार बोलणे, झोप कमी, असे कधी झाले होते का? घराण्यात कुणाला? मी आईकडे वळून ते मराठीत सांगितले. आई दादाकडे पाहत हळू आवाजात म्हणाली, "हुरपाचं काही सांगू नको. ते काय आजारपण आहे? आणि आजोबांचं तर नावच काढू नको. ताईचं ठरतंय."

आजोबांनी एका रात्रीत तीन एकर जमीन दान दिली होती. घरात ती गोष्ट वैराग्याची म्हणून सांगितली जाई. त्यानंतर वर्षभर ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले, हे कमी वेळा सांगितले जाई.

मी डॉक्टरांकडे वळलो आणि म्हणालो, "इल्ल." नाही. एक शब्द. माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट भाषांतर.

डॉक्टरांनी तो प्रश्न उगाच विचारला नव्हता. ज्याला पूर्वी उन्माद येऊन गेला आहे अशा रोग्याला नुसते खिन्नतेवरचे औषध दिले, तर काहींच्या बाबतीत तो एकदम दुसऱ्या टोकाला उसळतो. त्यांच्या समोर वर्तुळाचा एकच तुकडा ठेवला गेला होता आणि त्यावर जे योग्य तेच औषध त्यांनी दिले.

ती दिवाळी आमच्या घरातली सर्वांत झगमगीत. वसुबारसेपर्यंत दादा उठून बसला, हसू लागला. आईने नवस फेडायची तयारी केली. धनत्रयोदशीला त्याने गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी एकेक आकाशकंदील आणला. पैसे कुठले, हे कुणी विचारले नाही. आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. पाडव्याला वखारीत वहीपूजन झाले आणि नव्या कोऱ्या खतावणीत दादाने परदेशी तंबाखू पाठवण्याच्या व्यापाराचे लाखांचे आकडे लिहून काढले, पानामागून पान. मालकांनी वही हळूच मिटली आणि वडिलांना बोलावणे पाठवले. रात्री वडील त्याला बाहेर जाऊ देईनात तेव्हा त्याने त्यांना ढकलले. वडील उंबऱ्यावर पडले. त्या दोघांपैकी जास्त घाबरलेला कोण दिसत होता, हे मला अजून सांगता येणार नाही. ताईचे ठरत आलेले लग्न मोडले. ज्याच्यासाठी लपवले तेच गेले. (पुढे दोन वर्षांनी तिला चांगले स्थळ मिळाले आणि त्या घरी आम्ही सारे आधी सांगितले.)

रुग्णालयात या वेळी वयस्कर डॉक्टर होते. सगळे ऐकून त्यांनी मला विचारले, काय शिकतोस? इतिहास, मी म्हणालो. "मग भावाची सनावळी करून आण," ते म्हणाले. कागदावर एक आडवी रेघ मारून तिच्यावर साले लिहायची. हुरूप आला असेल तिथे रेघेच्या वर, खिन्नता असेल तिथे खाली. चार दिवस मी वखारीतले लोक, शेजारी, मामा, दादाचे कॉलेजातले मित्र यांना विचारीत फिरलो. आजोबांचे दानपत्रही शोधले. कागद पुरा झाला तेव्हा डोंगर आणि दऱ्या स्पष्ट दिसत होत्या. वर्षांपूर्वीपासून दिसत होत्या. डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि एक नाव घेतले, जे मी तोवर रसायनशास्त्राच्या तक्त्यातच वाचले होते. लिथियम.

या धातूचा इतिहास एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. १८१७ साली स्वीडनच्या योहान ऑगस्ट आर्फवेडसन यांना एका खनिजात तो सापडला. दगडाला ग्रीक शब्द 'लिथोस', त्यावरून नाव. त्याचे क्षार ज्योतीत धरले की किरमिजी रंग येतो, शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखवता येते. एकोणिसाव्या शतकात संधिवाताच्या एका प्रकारावर, म्हणजे गाउटवर तो देत, कारण युरिक आम्ल त्यात विरघळते. अमेरिकेत तर लिथियम घातलेले सरबत बाटलीतून विकले जाई. आजचे सेव्हन-अप १९२९ साली बाजारात आले ते तसलेच होते.

आता ऑस्ट्रेलियाकडे वळू. जॉन केड हे वेड्यांच्या रुग्णालयांच्या आवारातच लहानाचे मोठे झाले, कारण वडील तिथे डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते. १९४२ साली सिंगापूर पडले तेव्हा हजारो हिंदी सैनिकांप्रमाणे तेही जपान्यांच्या हाती सापडले आणि तीन वर्षांहून अधिक काळ चांगीच्या छावणीत राहिले. सुटून आल्यावर मेलबर्नजवळ बंडूरा येथील रुग्णालयात त्यांनी न वापरातल्या कोठीच्या खोलीत प्रयोग मांडले. त्यांचा तर्क असा की उन्मादात शरीरात काहीतरी विष जास्त होत असावे, आणि ते लघवीत सापडेल. म्हणून रोग्यांची लघवी गिनिपिगांना टोचायची! तर्क चुकीचा निघाला. पण प्रयोगासाठी युरिक आम्ल पाण्यात विरघळायला हवे होते, त्यासाठी त्यांनी लिथियमचा क्षार घेतला, आणि गिनिपिग शांत झाले. उताणे केले तरी धडपड न करता टकमक पाहत पडून राहिले. केड यांनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिले आणि मगच रोग्यांना दिले.

पहिला रोगी त्यांच्या लेखात 'डब्ल्यू. बी.' एवढ्याच अक्षरांनी येतो. एक्कावन्न वर्षांचा, पाच वर्षे अखंड उन्मादात असलेला, गलिच्छ, धुडगूस घालणारा. तो वॉर्डातच मरणार असे सगळ्यांनी गृहीत धरलेले. २९ मार्च १९४८ रोजी औषध सुरू झाले. काही आठवड्यांत तो निवळला आणि ९ जुलैला घरी गेला, आपल्या जुन्या नोकरीवर रुजू झाला. ३ सप्टेंबर १९४९ च्या ऑस्ट्रेलियन वैद्यक नियतकालिकात केड यांनी उन्मादाच्या दहा रोग्यांची हकिगत छापली.

या यशाच्या अगोदर काय होते, ते आपल्या भागातही पाहायला मिळते. धारवाडचे मनोरुग्णालय १८४५ सालचे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. १९५६ पर्यंत बेळगाव, धारवाड, रत्नागिरी, ठाणे एकाच मुंबई इलाख्यात, नंतर मुंबई राज्यात. १९१२ च्या कायद्यात भर्ती प्रामुख्याने मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने. म्हणजे रोगी आणि आरोपी यांच्या वाटा एकाच कचेरीतून जात. उपचार म्हणजे कोंडणे, बांधणे, थंड पाणी, गुंगीची औषधे; १९३८ नंतर विजेचे झटके, जे आज भूल देऊन सुरक्षितपणे आणि काही वेळा फार उपयोगी म्हणून दिले जातात. एक उपाय मात्र आपल्याच मातीतला. सर्पगंधेच्या मुळीवर १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले. वेडावर आणि रक्तदाबावरही. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांचा तिच्या रक्तदाबावरील उपयोगाचा लेख इंग्लंडात छापून आला तो १९४९ सालीच! पण उन्माद उतरवणाऱ्या त्या मुळीच्या औषधावर काही माणसे खोल खिन्नतेत जात असल्याचे दिसले आणि ती वाट मागे पडली.

परत डब्ल्यू. बी.कडे. कथा शुभमंगल होऊन संपली असती तर मी ती इतकी सविस्तर सांगितली नसती. त्याने घरी बरे वाटते म्हणून गोळ्या सोडल्या. उन्माद परत आला. पुन्हा दाखल, पुन्हा औषध, पुन्हा फरक. पण या वेळी अंगात लिथियम साठत गेले, आणि १९५० च्या मे महिन्यात त्याच विषबाधेने तो वारला. त्याच सुमारास अमेरिकेत हृदयरोग्यांसाठी नेहमीच्या मिठाऐवजी लिथियमचे मीठ विकले जाऊन माणसे दगावली होती. केड यांनी आपल्या हाताने हे औषध बाजूला ठेवले. उपाय आणि विष यांच्यामध्ये अंतर फार थोडे होते, आणि ते मोजायचे साधन त्यांच्या कोठीत नव्हते. ते साधन मेलबर्नमध्येच एडवर्ड ट्राउट्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या काही वर्षांत वापरात आणले. किरमिजी ज्योतीचे तत्त्व वापरून रक्तातले लिथियम मोजायचे.

डेन्मार्कचे मोन्स शू हे या बखरीतले माझे आवडते पात्र. १९५४ साली त्यांनी नाणेफेक करून निवडलेल्या रोग्यांना लिथियम आणि बिनऔषधी गोळी देऊन काटेकोर तुलना केली. पुढे पॉल बास्ट्रुप यांच्याबरोबर १९६७ साली अठ्ठ्याऐंशी स्त्रियांच्या सालवार नोंदी मांडून दाखवले की लिथियम आलेला उन्माद उतरवते एवढेच नव्हे, तर पुढचा झटकाही अडवते. लंडनच्या दोन तज्ज्ञांनी १९६८ साली ही एक दंतकथा असल्याची शंका छापली. शू चिडले, पण त्यांनी उत्तर दिले ते प्रयोगाने. १९७० साली लिथियमवर स्थिर असलेल्या चौऱ्याऐंशी रोग्यांपैकी काहींना, त्यांना किंवा डॉक्टरांना कळू न देता, बिनऔषधी गोळी दिली. पाच महिन्यांत बिनऔषधी गोळीवरच्या एकोणचाळीसपैकी एकवीस जणांना आजार उलटला; लिथियमवरच्या पंचेचाळीसपैकी एकालाही नाही. त्याच वर्षी अमेरिकेने औषधाला मान्यता दिली. हा माणूस इतका चिवट का होता? त्यांच्या सख्ख्या भावाला वर्षानुवर्षे खिन्नतेचे झटके येत असत. शू यांनी त्याला लिथियम दिले आणि तो भाऊ माणसांत आला. हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बाहेर जाऊन थोडा वेळ उभा राहिलो होतो.

दादाचे लिथियम १९८६ च्या जानेवारीत सुरू झाले. १९९१ साली त्याने डब्ल्यू. बी.ने केले तेच केले. "पाच वर्षं काही झालं नाही, मग गोळी कशाला?" दोन महिन्यांत पुन्हा रुग्णालय. बरा होऊन आल्यावर तो स्वतःच म्हणाला की मी शहाणा असताना माझ्याकडून लिहून घ्या. मग त्याने लिहून दिले की, सलग दोन रात्री माझी झोप चार तासांच्या खाली गेली तर डॉक्टरांना कळवायचे, माझी हरकत विचारायची नाही. पासबुक, घराची कागदपत्रे वहिनीकडे राहतील. पाच हजारांवरचा व्यवहार दोन सह्यांनी होईल. रात्री माझ्याशी वाद घालायचा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा आगाऊ लेखी सूचनेची सोय रीतसर केली, तेव्हा दादाने चष्म्यावरून पाहत मला विचारले, "दिल्लीला माझा कागद कुणी पाठवला?"

उन्माद एकदम येत नाही, असे वहीवरून दिसते. आधी झोप कमी होते आणि थकवा मात्र येत नाही. मग फोन वाढतात, जुन्या मित्रांची आठवण होते, योजना सुचतात, चिडचिड होते. या पहिल्या तीनचार दिवसांत डॉक्टरांनी औषध बदलले की बहुतेक वेळा वादळ घरावरून निघून गेले. एकदा भडकल्यावर मात्र समजुतीचे शब्द म्हणजे तेलच. तेव्हा कमी बोलायचे, दिवे आणि पाहुणे कमी करायचे, आणि त्याच्यासह डॉक्टर गाठायचा. दिवाळी हा आमच्या घरात जपण्याचा काळ. जागरण, पहाटेचे अभ्यंगस्नान, खरेदी, गर्दी. दादा गेली कित्येक वर्षे नरकचतुर्दशीला सात वाजता उठतो. शास्त्र काय म्हणते ते म्हणो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या घरांसाठी. मूत्रपिंड लिथियमला मिठासारखेच वागवते. शरीरातले मीठ-पाणी कमी झाले की ते लिथियम धरून ठेवते आणि रक्तातले प्रमाण चढते. म्हणून अळणी उपवास, निर्जळी एकादशी, मे महिन्यातला घाम, उलट्या-जुलाब, आणि अंगदुखीवर दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकची गोळी, ही सारी यातली भुयारे आहेत. आईने १९८८ साली दादाच्या नावाने त्यालाच अळणी सोमवार धरायला लावले होते. हात थरथरू लागले, पाय अडखळू लागले, तेव्हा धावाधाव झाली. रक्तातले प्रमाण साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात, दीडच्या पुढे धोका. ते आणि मूत्रपिंड, थायरॉइड ठरावीक महिन्यांनी तपासावे लागते. इतक्या वर्षांनी दादाच्या मूत्रपिंडावर थोडा ताण दिसला तेव्हा डॉक्टरांनी मात्रा उतरवली. सगळ्यांना लिथियम मानवतेच असे नाही, आज इतरही औषधे आहेत. कोणाला कोणते, हे डॉक्टरांनी ठरवायचे. जवळ तज्ज्ञ नसेल तर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६; मराठी-कन्नडचा प्रश्नही तिथे अडत नाही. दुभाषा लागलाच, तर तो घरचा नसावा असे माझे मत झाले आहे.

आई २००९ साली गेली. त्या 'इल्ल'बद्दल आम्ही दोघे एकदाच बोललो. ती म्हणाली, "तू लहान होतास. मी सांगितलं म्हणून." मी लहान नव्हतो, सतरा वर्षांचा होतो.

लेखाचा कच्चा मसुदा मी दादाला वाचायला दिला. त्याने डब्ल्यू. बी.चा भाग दोनदा वाचला. म्हणाला, "बिचाऱ्याचं रक्त तपासायला कुणी नव्हतं." मग एक चूक दाखवली. १९८३ साली तीन आठवडे नव्हे, सतरा दिवस. पॅडची पावती त्याच्या ट्रंकेत होती, तिच्यावर तारीख आहे. मी म्हटले, छापताना दुरुस्त करतो. "नको," तो म्हणाला, "तुझं ते तसंच राहू दे, माझं वहीत लिहितो." खणातून वही काढून त्याने तसे लिहिले, आणि रोजच्याप्रमाणे खाली आजची ओळ. झोप साडेसहा तास.